एकही बुडबुडा नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

न्हाणीघरात स्टुलावर उभा राहून झरोक्याचे माप घेत होतो. रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटर, उंची तीस. तीनदा घेतले, तीनदा तेच आले. खालून ताई म्हणाली, "अरे, माप घेतोयस की त्याला सदरा शिवतोयस? मला आंघोळ करायचीय."

तिला सहावा महिना आहे. काल तिच्या अंगाला साबण लागलेला असताना झरोक्यातून वारा आला, गीझरची ज्योत विझली आणि डोक्यावर बर्फासारखे पाणी पडले. तिची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. भाऊजी हसले. मला हसू आले नाही, कारण तो गीझर मी बसवला आहे.

दुकान मामाचे. गॅसचे गीझर बसवणे आणि दुरुस्त करणे एवढेच काम. सप्टेंबरात मामा दुकानाच्या पायरीवरून घसरला, खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत पडून आहे. परवापासून किल्ल्या माझ्याकडे आल्या. म्हणून ही वही. मास्तर म्हणायचे, सातवीत शाळा सोडलीस ती सोडलीस, पण रोज चार ओळी लिही, नाहीतर हात विसरेल. रोज जमणार नाही. काही घडले तर लिहीन.

मामाचा नियम असा की गीझर न्हाणीघरात बसवला तर झरोका उघडा ठेवायचा. मी एकदा विचारले होते, का? तो म्हणाला, "माझ्या उस्तादानं सांगितलं म्हणून. तू काय वकील आहेस?"

मी यावर नीट विचार केला. पूर्वी लोक सिलिंडरही न्हाणीघरातच ठेवत. गॅस गळला तर बाहेर जायला वाट हवी, म्हणून झरोका. आमचा सिलिंडर बाहेर गॅलरीत आहे, आत फक्त नळी येते. आणि मी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघतो. गळती असली तर बुडबुडा येतो. आमच्याकडे एकही आला नाही. म्हणजे झरोका आता नुसता वारा आत घेण्याच्या कामाचा.

गीझरच्या खोक्यातला माहितीचा कागदही पाहिला. मजकूर परक्या भाषेत, मुंगीएवढा. चित्रात खिडकी आहे आणि तिच्याजवळ तीन बाण. वाऱ्याची दिशा दाखवली असावी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झरोका बंद करायला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी कापली, कडेला रबर, चार स्क्रू, फटीत सिलिकॉन. उजेडाचा एक ठिपकाही दिसत नाही. ज्योत जागची हलली नाही. ताई बाहेर आली ती लालबुंद होऊन. म्हणाली, "राणीसारखी आंघोळ झाली बघ."

भाऊजींनी पत्र्यावर टिचकी मारली. "काय मोजपट्टी, हे विकायचं. थंडीत लोक रांग लावतील."

ते मला मोजपट्टी म्हणतात. पूर्वी राग यायचा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोन पट्ट्या विकल्या, अडीचशेला एक. पहिली कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंकडे, दुसरी बेकरीवाल्याकडे. दोन्हीकडे आधी सिलिंडर बाहेर काढला, मगच पट्टी बसवली. यात मी कुणालाही सूट देत नाही. प्रत्येक जोडाला फेस लावला आणि गिऱ्हाइकाला बोलावून दाखवला. बेकरीवाला म्हणाला, "एवढं तर डॉक्टरसुद्धा बघत नाही रे."

मामाला पट्टीचे सांगितलेले नाही. आधी दहा होऊ देत.

ताईचे डोके दुखते. सकाळी आंघोळीनंतर सुरू होते, दुपारी गॅलरीत मटार सोलत बसली की जाते. भाऊजी म्हणतात, पोटातला माणूस डोक्यात हातपाय ताणतोय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज मास्तरांकडे गीझर बसवला. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नव्हते. त्यांनी ऐकले नाही.

चौऱ्याहत्तर वय, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एकटेच. इतकी वर्षे स्टोव्हवर पातेले ठेवून पाणी तापवत होते. मी काम करत असताना दारात खुर्ची टाकून बसले होते.

"हा फेस कशाला?"

"गळती बघायला, मास्तर. बुडबुडा आला तर गळतंय."

"आणि नाही आला तर?"

"तर ठीक."

"म्हणजे उत्तर एकच, हो किंवा नाही. गणितासारखं. तुला गणितात किती पडले होते?"

"अठ्ठावीस."

"पस्तीसपैकी?"

"शंभरपैकी."

हसताना त्यांना खोकला आला.

पावती लिहिली. मजुरी सहाशे, पट्टीचे अडीचशे, एकूण साडेआठशे. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, लाल पेन काढला आणि 'पट्टि' दुरुस्त करून 'पट्टी' केले. लाजेने मेल्यासारखे झाले. मग साडेसहाशे मोजून दिले. "दोनशे थंडी संपल्यावर. परीक्षेआधी गुण नसतात."

मास्तर पहाटे पाच वाजता आंघोळ करतात. गुडघे धरतात म्हणून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून गरम पाणी घेत राहतात. पूर्वी वाऱ्याने दहा मिनिटांत उठावे लागे. आता म्हणाले, "अर्धा तास बसेन. कविता म्हणेन."

निघताना रस्त्यावरून वर पाहिले. पट्टी उन्हात चमकत होती. आजूबाजूच्या सगळ्या झरोक्यांत तीच सरळ बसली आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पाचवी पट्टी शिकणाऱ्या तीन मुलांच्या खोलीत बसवली, सहावी नव्या लग्नाच्या जोडप्याकडे. आमच्या घरची धरून सहा.

बेकरीवाल्याची तक्रार आली. ज्योत पिवळी झाली आहे आणि गीझरच्या तोंडाशी काजळी धरते. बर्नर काढून ब्रशने साफ केला. दार उघडे ठेवून चालवला तर निळी. मी घरी पोचायच्या आत त्याचा फोन, परत पिवळी. म्हणाला, "आणि काल बायको आत भोवंडून खाली बसली. गॅस गळत नाही ना बाबा?" परत गेलो. अकरा जोडांना फेस लावला. काही नाही. त्याला दाखवले तेव्हा त्याचे समाधान झाले.

संध्याकाळी मामाला विचारले, ज्योत पिवळी कशाने होते? तो छताकडे बघत म्हणाला, "जाळी साफ कर." मग मान वळवली. "झरोका उघडा आहे ना?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. त्याला बरे नाही, एवढी लांबड सांगत कशाला बसा, असे वाटले. वहीत खोटे लिहायचे नाही, म्हणून लिहून ठेवतो.

बुधवार, ३ डिसेंबर

ताईला सकाळी उलटी झाली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, पालक खा. ताई आता न्हाणीघराची कडी लावत नाही. चक्कर आली तर कुणाला आत येता यावे म्हणून. भाऊजी बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि पेपर मोठ्याने वाचतात. मध्येच विचारतात, "आहेस ना?" आतून ती म्हणते, "नाही, पळून गेले."

आमच्याकडेही ज्योत पिवळी आहे. ती का होते ते कळावे म्हणून आज दार लावून वीस मिनिटे गीझर चालू ठेवला आणि समोर बसून पाहत राहिलो. आधी निळी, मग टोके पिवळी, मग सगळीच पिवळी आणि लांब, जिभेसारखी. भिंतींवरून पाणी ओघळत होते. मला उठावेसे वाटेना. पाय जड झाले, कानात घण पडू लागले. बाहेर गॅलरीत येऊन बसलो तेव्हा हळूहळू बरे वाटले. थंडी बाधली असावी. गोळी घेतली.

उद्या बर्नर पुन्हा साफ करीन.

मंगळवार, ९ डिसेंबर

मास्तर गेले.

खालच्या भाडेकरूच्या छतातून सकाळी पाणी गळू लागले, म्हणून त्याने वर जाऊन दार ठोकले. शेवटी दार तोडले. मास्तर स्टुलावरच भिंतीला टेकलेले होते, नळ चालू, पाणी गार. सिलिंडर संपून गीझर आपोआप बंद झाला होता.

मला हवालदाराने बोलावून घेतले. गीझर कुणी बसवला असे त्याने विचारले तेव्हा माझ्या हातातला पाना पडला. तो म्हणाला, "घाबरू नकोस, गॅस गळत होता का एवढंच सांग."

भरलेला सिलिंडर आणून जोडला. खिडक्या, दार सगळे सताड उघडे होते, वारा होता. अकरा जोड. प्रत्येक जोडाला फेस दोनदा लावला. हवालदार वाकून बघत होता. एकही बुडबुडा नाही. गीझर पेटवला, ज्योत स्वच्छ निळी. त्याने कागद पुढे केला. मी लिहिले: 'सर्व जोड तपासले. कोठेही गळती आढळली नाही.' शब्द नीट तपासून सही केली. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, वय झालेले, हृदय बंद पडले. माझ्या कागदाने प्रकरण मिटले.

मी त्यांचा चेहरा पाहिला. मेलेला माणूस पांढरा पडतो असे ऐकले होते. त्यांचे गाल मुलासारखे गुलाबी होते. खालची बाई म्हणाली, "पुण्यवान माणूस. झोपेत गेल्यासारखा दिसतोय."

माझ्या कामात चूक नव्हती हे कळल्यावर मला हायसे वाटले. मास्तर समोर पडलेले असताना हायसे वाटले. हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मास्तरांची मुलगी दूरच्या शहरातून आली आहे. घर आवरायला आठवडाभर राहील. आज तिने दुकानात येऊन एक लिफाफा दिला. वर मास्तरांच्या अक्षरात 'गीझरचे उरलेले' असे लिहिलेले, आत दोनशे.

मी म्हणालो, "ताई, राहू द्या."

"नको. बाबांना कुणाचं ठेवलेलं आवडायचं नाही." मग म्हणाली, "फोनवर तुमचं फार कौतुक करायचे. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आंघोळीला ऊब मिळते. शेवटचे दिवस सुखात गेले त्यांचे. तुमच्यामुळे."

घेतले.

सोमवार, १५ डिसेंबर

जसे घडले तसे लिहितो.

सव्वासात. भाऊजी बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी विचारले, "आहेस ना?" उत्तर आले नाही. त्यांना वाटले थट्टा. पुन्हा विचारले. मी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकला, तो हसता आवाज नव्हता. कडी नव्हती म्हणून दार लगेच उघडले. ताई फरशीवर, पाणी अंगावर पडतेय, वर ती लांब पिवळी जीभ. आम्ही तिला चादरीत गुंडाळून बाहेर आणले. तिचे गाल गुलाबी होते.

ते पाहिले आणि मला मास्तरांचे गाल आठवले. का ते तेव्हा कळले नव्हते.

दवाखान्यात तिला नळीने हवा लावली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी भाऊजींना नव्हे, मला विचारले, कारण माझ्या हाताला अजून ग्रीस होते. "पाणी कशावर तापवता?"

"गॅसच्या गीझरवर. पण गळती नाही. मी रोज तपासतो."

"कुठे आहे? न्हाणीघरात? खिडकी?"

"बंद आहे. मी बंद केली. वारा यायचा म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवले. "गळत नाहीये रे. जळतोय. जळताना तो खोलीतली हवा खातो. हवा संपत आली की नीट जळत नाही आणि विष सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते, बस्स. खिडकी त्याच्यासाठी असते."

"साबणाच्या फेसात ते दिसतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून विचारले, "आणखी कुठे बंद केलीस?"

मी मोजले. त्यांच्यासमोर बोटांवर मोजले.

पोटातल्या बाळाचे ठोके लागत आहेत. पुढचे आताच सांगता येणार नाही, असे त्या म्हणाल्या.

सगळे नीट लिहून ठेवायची सवय असल्याने घरे पाठ होती. सायकल काढली. आधी मास्तरांकडे, कारण त्यांची मुलगी आठवडाभर तिथेच आंघोळ करत असणार. ती दारात आली, केस ओले.

"पट्टी काढायचीय," मी म्हणालो.

"कशाला? छान ऊब राहते की. माझं डोकं तेवढं सकाळपासून जड आहे. रडून रडून."

मी स्टुलावर चढलो. तेच स्टूल होते. चार स्क्रू काढले, सिलिकॉन चाकूने कापले. गार वारा एकदम आत आला. "गीझर आता लावूच नका," असे सांगितले. तिने का म्हणून विचारले. मी म्हणालो, "दोष आहे त्याच्यात." एवढेच म्हणालो. पट्टी काखेत मारून जिना उतरलो.

शिवणकामवाल्या काकूंनी भांडण काढले, थंडीत माझे काय होणार म्हणून. त्यांना खरे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःच स्टूल आणून दिले. तिघा मुलांपैकी दोघे अजून झोपलेले होते, पण नुसते झोपलेलेच. त्यांच्याकडे गीझर पेटवणारा सेल चार दिवसांपूर्वी संपला होता आणि आळसाने त्यांनी तो आणला नव्हता. नव्या जोडप्याच्या घरी न्हाणीघराचे दार आतून बंद, पाण्याचा आवाज. मी दोन्ही मुठींनी दार ठोकले. उत्तर नाही. खांदा मारणार तोच नवरा टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण घेऊन बाहेर आला. "लाज वाटत नाही?" मी त्याला मिठी मारली. त्याची बायको हसत सुटली. मला रडू आवरेना, तेव्हा तिचे हसू थांबले.

बेकरीवाल्याने सगळे शांतपणे ऐकले. पट्टी त्याने स्वतः ओरबाडून काढली आणि माझ्या हातात दिली. मी अडीचशे पुढे केले. "पैसे ठेव," तो म्हणाला. "आणि निघ. मी काही बोलायच्या आत निघ."

मंगळवार, १६ डिसेंबर

ताई शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाली, "तोंड असं का केलंयस? मी आहे ना." नंतर विचारले, "त्या मास्तरांचं पण..."

मामाला सगळे सांगितले.

"मी विचारलं होतं तुला."

"हो मामा."

"तू हो म्हणालास."

"हो."

त्याने तोंड भिंतीकडे केले. मला वाटले झोपला. मग भिंतीकडूनच आवाज आला, "मला तरी कुठे माहीत होतं, का ते. माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का रे?"

बुधवार, १७ डिसेंबर

भाऊजी मला गॅलरीत घेऊन गेले. मोजपट्टी म्हणाले नाहीत.

"हे बघ, डॉक्टर म्हणाले हृदय. पोलीस म्हणाले हृदय. मुलगी म्हणते सुखात गेले. तू कशाला मध्ये तोंड घालतोस? म्हातारा परत येणार आहे का? तू आत गेलास तर दुकान गेलं, मामा रस्त्यावर. तुझी बहीण अशी. जरा विचार कर."

मी विचार केला. ते म्हणतात त्यात चूक काही सापडत नाही. तरी रात्रभर एकच गोष्ट दिसत राहिली. मास्तर म्हणाले होते, उत्तर एकच, हो किंवा नाही. मी एवढे अचूक उत्तर लिहून दिले आणि सही केली. प्रश्नच वेगळा होता.

त्यांची मुलगी उद्या सकाळी नऊच्या गाडीने जाणार आहे. मी आठला जाणार. तिथून हवालदाराकडे, माझा कागद बदलून द्यायला. हिशेब पुरा करून ठेवतो, मागून कुणाला शोधत बसायला नको.

खर्च:
पट्टीचे पैसे परत, काकू, तीन मुले, नवे जोडपे: सातशे पन्नास.
त्या तीन घरांचे आणि आमचा, असे चार गीझर उघड्या गॅलरीत हलवायला पाईप आणि जोड: एक हजार नऊशे. काम परवा सुरू. मी नसलो तर मामाच्या ओळखीच्या प्लंबरने करावे. मापे वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.

देणे:
भाऊजी, दवाखान्यात भरलेले: तीन हजार.
बेकरीवाला: अडीचशे. घेत नाही, तरी देणे. गीझर मला हलवू देत नाही.
मास्तर: मजुरी सहाशे, पट्टी अडीचशे. मुलीने दिलेले दोनशे यातच. एकूण साडेआठशे.

मास्तरांची पावती आताच लिहून ठेवली. परत केले, साडेआठशे. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'झरोका मी बंद केला होता.' दोनदा तपासले. आता तपासायला कुणी नाही.